आईच्या सहा, शिडीच्या साडेसात

त्यांच्या घरात टेप नव्हती. कपडे मोजायची ती पिवळी, लवचीक टेप एकेकाळी होती, पण एका वर्षी ती सापाची जीभ झाली, आणि साप स्टेजवरून उतरेपर्यंत जीभ कुठेतरी गळून पडली ती पडलीच. साप म्हणजे थोरली लेक, वय वर्षं सात. बाबांच्या दोन जुन्या पँटचे चार पाय एकापुढे एक जोडून आईने तिला नखशिखान्त साप केलं होतं. बक्षीस मात्र एका विकत आणलेल्या परीने पटकावलं. घरी आल्यावर आई म्हणाली, जाऊ दे, टेप हरवते, हात हरवत नाही. आणि त्या दिवसापासून तिने दुसरी टेप आणलीच नाही. पंजा ताणायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत. उरलंसुरलं बोटांत मोजायचं. पडदे, उशांचे अभ्रे, फॅन्सी ड्रेस, सगळा कारभार आईच्या वितीवर.

थोरलीलाही मोजायची भारी हौस. म्हणून ती दहाची झाल्यावर एकदा दोघींनी जेवणाचं टेबल मोजलं. आईच्या सहा विती भरल्या, थोरलीच्या साडेसात. आईने मनात काहीतरी पुटपुटत हिशेब केला आणि जाहीर केलं की तुझ्या पाच म्हणजे माझ्या चार. तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. लेकीने मोजायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, आईने मनातल्या मनात पाचाचे चार करायचे आणि कात्री चालवायची. एकदाही चुकलं नाही. थोरली ढग झाली, किटली झाली, एका वर्षी तर उघडझाप होणारं दोन दारांचं कपाट झाली, आणि दर वेळी कपडा अंगावर असा बसला की जणू आधी कपडा शिवून मग त्यात मुलगी ओतली असावी.

मग आई गेली. दूरच्या एका शहरात, रेल्वेने दीड दिवस लागतो तिथे, एका मोठ्या हॉटेलच्या शिवणखोलीत तिला काम मिळालं. तीन वर्षांचा करार. चादरींच्या कडा, नोकरांचे गणवेश, चारशे खोल्यांचे पडदे. दोनदा रजा ठरली, दोनदा हॉटेल पाहुण्यांनी गच्च भरलं आणि रजा बारगळली. बघता बघता अडीच वर्षं झाली.

या अडीच वर्षांत थोरली वाढली म्हणजे काय, सुटलीच. बाबा हॉस्पिटलच्या धुलाईत कामाला. ते म्हणायचे, आमच्याकडे कपडे आटतात, घरी बघतो तर पोरगीच लांबते. शाळेत तिचं नाव शिडी पडलं. आधी तिला त्याचा राग यायचा, खांदे पाडून चालायची, रांगेत गुडघे वाकवून उभी राहायची. मग एक दिवस वर्गातल्या उंच फळीवरचा खडूंचा डबा कुणालाच निघेना, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, शिडी लावा!" ती ऐटीत उठली, डबा काढला, बाईंच्या हातात दिला आणि वर्गाकडे वळून म्हणाली की भाडं पडेल. सगळा वर्ग हसला, पण तिच्याबरोबर. त्या दिवसापासून खांदे वर गेले ते गेलेच. आता ती कार्यक्रमांत सूत्रसंचालन करायची, मुख्याध्यापकांच्या खोलीत दार वाजवून जायची, आणि शिडी हे नाव तिने असं मिरवायला घेतलं होतं की घरातही तेच चालू झालं.

धाकटीचं नाव टिचकी. आई गेली तेव्हा ती अडीच वर्षांची होती, आता पाचची. टिचकीच्या लेखी आई रविवारी दुपारी चार वाजता फोनमध्ये यायची. वर्गात एकदा 'माझी आई' असं चित्र काढायला सांगितलं, तर तिने एक चौकोन काढला आणि त्यात कपाळ आणि एक डोळा, कारण आई फोन नेहमी नको तितका जवळ धरायची. चित्र बघून बाई हसल्या. बाबाही हसले, मग टॉवेल शोधायला म्हणून आत गेले. शिडीने ते चित्र घडी करून स्वतःच्या पुस्तकात ठेवून दिलं. तिला वाटलं होतं की आपणही हसू.

तर अशा घरात शाळेची चिठ्ठी आली. तीन आठवड्यांनी शनिवारी फॅन्सी ड्रेस, पोशाख घरी केलेलाच हवा. टिचकीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की ती वटवाघूळ होणार. शाळेच्या जिन्यात एक वटवाघूळ लटकतं आणि त्याला कुणी सरळ बस म्हणत नाही, हे तिने बरेच दिवस हेरून ठेवलं होतं.

शिडीचे हात शिवशिवले. तिला आता शिवता येत होतं, मशीनवर तिचा पाय बसला होता, वटवाघूळ तिने दोन दिवसांत उडवलं असतं. पण तिच्या मनात ते चित्र होतं. कपाळ आणि एक डोळा. त्या आईला हात नव्हते. तिला वाटलं, टिचकीच्या अंगावर एकदा आईच्या हातचं काहीतरी चढायला हवं. अंगाला घट्ट बसेल असं, आईने हिला धरूनच शिवलंय असं वाटेल असं. एवढं जमलं तर पुढच्या चित्रात निदान हात तरी येतील.

म्हणून तिने आईला सांगितलं की हे तूच शिव, मी मापं पाठवते. आईच्या हॉटेलात काळोख करायच्या पडद्यांचं काळं अस्तर उरायचं, ते वटवाघळाला अगदी फर्मास. टिचकीला खुर्चीवर उभं केलं. पण टिचकी म्हणजे गुदगुल्यांचं गाठोडं. काखेपाशी बोट गेलं की वटवाघूळ खाली कोसळायचं. तीनदा खुर्चीवरून उतरवून, दोनदा दम देऊन आणि शेवटी बिस्किटाची लाच देऊन मापं निघाली. मनगटापासून मनगटापर्यंत चार वीत. मानेपासून गुडघ्यापर्यंत तीन. डोकं गोलात अडीच. रविवारी शिडीने ते आकडे आईला वाचून दाखवले, जुन्या सवयीने, ओरडून.

फोनमधल्या कपाळावर आठी पडली. मग आईने विचारलं, नक्की चारच ना? शिडी म्हणाली, नक्की, तीनदा मोजलंय. आई बरं म्हणाली आणि तिने हळूच भलतंच विचारलं, टिचकी नीट जेवते का?

तिथून एक विचित्र प्रकार सुरू झाला. आईचा वार रविवार, पण तिचा फोन मंगळवारी आला. टिचकी दूध पिते का? बुधवारी आला. तिचं पोट दुखतं का, रात्री झोपते का? शुक्रवारी तिने बाबांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं. बाबा बुचकळ्यात पडले, कारण टिचकी त्यांच्या ताटातलं अंडंही पळवत होती. तरी बायकोचा शब्द म्हणून ते तिला धुलाईत घेऊन गेले आणि चादरींचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर उभं केलं. सतरा किलो. त्यांनी फोनवर अभिमानाने सांगितलं की तुझी लेक ओल्या गठ्ठ्याच्या तोडीस तोड आहे. आई म्हणाली, अहो, तुमचा तो काटा कधी खरं बोललाय? आणि फोन ठेवला. शिडीला हे सगळं ऐकून आईचा जरा रागच आला. इतक्या लांबून काळजी करून काय उपयोग, असं ती बाबांना म्हणाली, आणि बाबा म्हणाले की लांबून दुसरं काय करता येतं.

पार्सल आलं गुरुवारी. शनिवारी कार्यक्रम. वर एका पिशवीत बदाम, मनुका आणि ताकदीच्या पावडरचा डबा, आणि त्याखाली वटवाघूळ.

ते इतकं देखणं होतं की शिडी आधी नुसती बघत राहिली. काळं अस्तर आतून मऊ, बाहेरून जराशी चमक असलेलं. कानांत कॉलरचं कडक बकरम घातलेलं, त्यामुळे ते असे ताठ की जणू आत्ताच काहीतरी चुगली ऐकलीय. पंखांच्या घडीघडीतून जाड दोरी फिरवलेली, हाडांसारखी. आणि कडेला आईची हातशिलाई, तांदळाच्या दाण्याहून बारीक. शिडीने नाक लावून पाहिलं. परक्या साबणाचा वास येत होता, पण त्याच्या तळाशी कुठेतरी आईच्या हातांना लागलेला मशीनच्या तेलाचा वास होता, की तो तिलाच हवा होता म्हणून आला, कोण जाणे.

टिचकीने हात वर केले आणि शिडीने ते डोक्यावरून घातलं. ते कानांवर अडलं. ओढलं तेव्हा खाली आलं आणि खांद्यांवर अडलं. आणखी ओढलं तेव्हा टिचकीचे हात आत गेले खरे, पण तिला ते खाली आणता येईनात. पंख कोपराच्या जरा पुढे येऊन थांबले. खालची कड गुडघ्यांपर्यंत यायची ती मांड्यांवरच राहिली. वटवाघूळ दोन्ही हात वर करून, पोलिसांना शरण आल्यासारखं खोलीच्या मध्यभागी उभं राहिलं.

शिडीने ते हलकेच काढलं. टिचकीचे केस उभे राहिले होते. ती रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं. तिने पंखाकडे पाहिलं आणि जिन्यातल्या वटवाघळाबद्दल सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "ताई, आईला मी माहीत नाहीये ना?"

शिडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, हेच झालंय. आईच्या डोक्यात अजून ती अडीच वर्षांची टिचकी आहे. आकडे ऐकले, बरं म्हणाली, आणि कात्री चालवली आठवणीवर. आपण इथे तीनदा मोजतोय, लाच देतोय, आणि तिथे कुणाला मापाची गरजच नाही. आईची पाळी पाच वाजता सुटायची. पाच वाजून दोन मिनिटांनी तिने फोन लावला. मनात वाक्यांची फौज उभी होती, सूत्रसंचालन करते त्याहून चोख.

आई शिवणखोलीच्या जिन्यात होती. मागून मशिनींची घरघर येत होती. शिडीने सगळं एका दमात सांगितलं. घट्ट होतंय, आखूड होतंय, कान अडतात, खांदे अडतात, आणि शेवटी, तुला ती अजून अडीचचीच वाटते का?

आईने त्याचं उत्तर दिलं नाही. तिने विचारलं, "शिडे, मापं कुणाच्या वितीने घेतलीस?"

"माझ्या. आपलं तसंच तर ठरलंय."

"ठरलंय म्हणूनच मी पाचाचे चार केले," आई म्हणाली. "टेबलापाशी जा बघू. टेबल मोज. मोठ्याने."

शिडी फोन कानाशी खांद्याने दाबून टेबलापाशी गेली. तिने पंजा ताणला आणि डाव्या कडेपासून सुरुवात केली. एक. दोन. तीन. साडेसात हा आकडा तिच्या डोक्यात इतका मुरलेला होता की चार म्हणताना तिला वाटलं, आपण मधलं काहीतरी गाळलं. पाच. सहाव्या वितीला तिची करंगळी टेबलाच्या कडेवरून बाहेर पडली आणि हवेत राहिली.

"सहा," ती म्हणाली. "सहा, आणि नखभर बाहेर."

मग आई हसली, आणि हसता हसता ते हसणं राहिलं नाही.

"मी तीनदा हिशेब केला गं. तीनदा पुसला. अडीच वर्षांत पोर फक्त एवढीच? मला वाटलं, मी तिथे नाही म्हणून ती वाढलीच नाही."

शिडीची वाक्यांची फौज जागच्या जागी विरली. म्हणजे आईने टिचकीला विसरून कापड कापलं नव्हतं. तिने शिडीचा हात आठवून कापलं होतं, बारा वर्षांच्या शिडीचा, जसा सोडून गेली होती तसा. आणि त्या छोट्या हाताने मोजलेली पोर इतकी इवलीशी निघाली म्हणून ती दहा-अकरा दिवस परक्या गावात एकटीच घाबरत बसली होती, बदाम बांधत होती. आणि शिडीला, जिला वाढल्याचा एवढा डौल होता, तिला स्वतःचा हात वाढल्याचा पत्ताच नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"वाढलीय गं आई," ती म्हणाली. "बेसिनला स्टूल लागत नाही तिला. नळ स्वतः सोडते आणि बंद मात्र करत नाही."

हे ऐकून आईने नाक पुसलं, स्पष्ट ऐकू आलं. मग तिचा शिवणखोलीतला आवाज लागला. टोपीपासून बगलेखालपर्यंत सगळं उसव, ती म्हणाली, आणि दोन्ही बाजूंनी आणि खालच्या कडेला पट्टी घाल. शिडी म्हणाली की तुझी शिवण मी कशी उसवू. आई म्हणाली, "शिवणच आहे ती. उसवायची नसती तर मी डिंकाने चिकटवलं असतं."

टिचकीला खरं काय झालं ते समजावताना शिडीने तिला टेबल मोजून दाखवलं. टिचकीने करंगळीचं ते बाहेर आलेलं नख नीट तपासलं आणि निकाल दिला की चूक आईची नाही, ताईच्या हाताची आहे. शिडीने आढेवेढे न घेता ती मान्य केली.

शुक्रवारी शाळा सुटली तशी शिडी मशीनला भिडली. आता काळं कापड आणायचं कुठून? बाबांनी धुलाईतून बाद झालेल्या चादरी देऊ केल्या, पण त्यांच्यावर 'बाद' असा ठसठशीत शिक्का होता, आणि टिचकी म्हणाली की ती बाद वटवाघूळ होणार नाही. शेवटी शिडीने कपाटाच्या तळातून आपला गडद राखाडी स्कर्ट काढला. आई जाताना शिवून गेली होती तो. खाली तीन दुमडी, तीन वर्षांच्या वाढीची बेगमी. तिसरी दुमड याच वर्षी सोडली होती आणि तरी तो गुडघ्यांच्या वर वीतभर राहायचा. घालता येत नव्हता, टाकवत नव्हता. तिने तो टेबलावर पसरला, तीन दुमडींच्या तीन पुसट रेघा हाताने सपाट केल्या, आणि आईची कात्री चालवली.

मग उसवायला घेतलं. टाके इतके बारीक की ब्लेड धरायलाही जागा नाही. आईने शिवणीत दोन बोटं कापड राखून ठेवलं होतं, पण ते सगळं सोडूनही पुरणार नव्हतं. बगलेतली शिवण उघडली तेव्हा आत, उलट्या बाजूला, पांढऱ्या खडूने लिहिलेले आकडे दिसले. चार, खाली तीन वीत दोन बोटं, पुसलेलं. पुन्हा तेच, पुसलेलं. तिसऱ्यांदा तेच, आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह. शिडी ते बराच वेळ बघत होती. टिचकीने विचारलं, काय आहे. शिडी म्हणाली, तुझं माप आहे, आई शोधत होती. खडू झटकायचा नाही म्हणून तिने त्या जागेवर फुंकरसुद्धा घातली नाही. तसाच आत ठेवून राखाडी पट्टी जोडली, आणि आईच्या टाक्यांच्या शेजारून आपले टाके नेले. तिचे थोडे मोठे पडले. पडू देत, हातच मोठा झालाय.

शनिवारी टिचकीला स्टेजवर जाऊन चार ओळी म्हणायच्या होत्या. मी रात्री उडते, मी कानांनी बघते, वगैरे. शिडी पडद्यामागे उभी होती. टिचकी मध्यावर गेली, समोरची गर्दी पाहिली आणि चारही ओळी साफ विसरली. मग तिने हात पसरले, हळूहळू, दोन्हीकडे, मनगटापासून मनगटापर्यंत, काळं, मग राखाडी, मग काळं, पुन्हा राखाडी, पुन्हा काळं, आणि कापड कुठेही न ओढता, कुठेही न लोंबता, पुरलं. ती तशीच उभी राहिली, कितीतरी वेळ, कारण तिला बहुधा ते फार छान वाटत होतं. बाईंना तिला हाताला धरून आत आणावं लागलं. बक्षीस एका आगपेटीला मिळालं आणि तेही वाजवी होतं, आगपेटी खरंच झकास होती.

रविवारी चार वाजता फोन आला. टिचकी वटवाघळातच बसली होती, शनिवारपासून तिने ते अंघोळीपुरतंच काढलं होतं. तिने आईला पंख दाखवले, आणि ते चौकोनात मावेनात म्हणून फोन टेबलावर उभा करून स्वतः भिंतीपर्यंत मागे गेली. आईने तिकडे पहिल्यांदाच फोन लांब धरला. कपाळ, दोन्ही डोळे, हनुवटी, गळ्यात अडकवलेली कात्री, सगळी आई दिसली. केसांत नवीन पांढरी बट होती.

मग आई म्हणाली की अस्तर उरलंय, शिडीला एक जाकीट होईल, तर शिडे, तुझी मापं सांग. आता पाचाचे चार नकोत, जसेच्या तसे सांग. शिडी कागद-पेन्सिल घेऊन उठली आणि स्वतःला मोजू लागली. डावा हात उजव्या वितीने, खांद्यापासून मनगटापर्यंत. कंबर, दोन्ही हातांनी, पुढून मागे. गळ्यापासून कंबरेपर्यंत. एकेक आकडा ती सांगत होती आणि आई तिकडे लिहून घेत होती. मग तिने पाठ मोजायला हात मागे नेला. वरून नेला, खालून नेला, कोपर वाकवून पाहिलं, दाराच्या चौकटीला टेकून पाहिलं. एवढी लांब शिडी, आणि स्वतःच्या पाठीवर वीत काही बसेना. टिचकीला सांगितलं तर तिने दोन विती मोजल्या आणि तिसरी गुदगुल्यांसाठी वापरली.

फोनमधून आई ते सगळं बघत होती.

"पाठ राहू दे," ती म्हणाली. "ती मी आले की घेईन."

शिडीने कागदावर पाठ असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.